पोटकलमाची तारीख

रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी अमेरिकी राजकारणाच्या अभ्यासकांची मोठी सोय करून ठेवली आहे. १० मार्च २०१६ रोजी सिनेटच्या न्यायिक समितीत, कॅमेऱ्यासमोर, ते म्हणाले: उद्या रिपब्लिकन अध्यक्ष आला आणि त्याच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात सर्वोच्च न्यायालयातली जागा रिकामी झाली, तर ती पुढच्या अध्यक्षानेच भरावी असं मी म्हटल्याचं सांगा, माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा.

तेव्हाची परिस्थिती अशी. न्यायाधीश अँटोनिन स्कालिया १३ फेब्रुवारी २०१६ ला वारले. त्याच दिवशी सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मकॉनल यांनी सांगून टाकलं की ही जागा पुढचा अध्यक्ष भरेल. ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलँड यांचं नाव पाठवलं. ते २९३ दिवस पडून राहिलं. मतदान दूरच, साधी सुनावणीही झाली नाही. १८ सप्टेंबर २०२० ला न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या, तेव्हा निवडणूक ४६ दिवसांवर होती. २६ सप्टेंबरला ट्रम्प यांनी एमी कोनी बॅरेट यांचं नाव जाहीर केलं, १२ ऑक्टोबरला सुनावणी सुरू झाली आणि २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूरही झाली. सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण? लिंडसे ग्रॅहम. त्यांचे शब्द त्यांच्याविरुद्ध भरपूर वापरले गेले. त्याने काहीच झालं नाही, त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडूनही आले.

इथे थांबून ‘ढोंगी’ म्हणणं सोपं आहे. पण ढोंग नेमकं कसं रचलं गेलं, हे पाहणं जास्त मजेचं आहे. मकॉनल यांनी २०२० मध्ये ‘आम्ही नियम मोडतो’ असं म्हटलं नाही. ते म्हणाले, नियम तोच आहे, तुम्ही तो अर्धाच वाचलात. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्या पक्षाचं असेल, आणि जागा निवडणुकीच्या वर्षातच रिकामी झाली असेल, तरच थांबायचं. यातला ‘निवडणुकीच्या वर्षातच रिकामी झाली’ हा तुकडा नीट पाहा. तो नसता तर न्यायाधीश अँथनी केनेडी यांचं उदाहरण आडवं आलं असतं. रेगन रिपब्लिकन, सिनेट डेमोक्रॅटिक, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये, म्हणजे ऐन निवडणुकीच्या वर्षात, केनेडी ९७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले होते. मात्र ती जागा १९८७ च्या जूनमध्ये रिकामी झाली होती. एवढ्या एका तुकड्याने केनेडी नियमाबाहेर गेले. शिंप्याने अंगाचं माप घेऊन कापड बेतावं, तसा हा नियम बेतलेला आहे.

खरं सांगायचं तर दोन पक्षांची ही अट मकॉनल यांच्या २०१६ च्या भाषणांतही अधूनमधून येते. पण ती बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात होतं ते ‘जनतेला ठरवू द्या’. २०२० मध्ये बारीक अक्षर मोठं झालं आणि मोठं अक्षर दिसेनासं झालं. डेमोक्रॅटही काही कमी नव्हते. २०१६ मध्ये ‘अध्यक्ष चार वर्षांसाठी असतो, सिनेटने आपलं काम करावं’ असं म्हणणारे लोक २०२० मध्ये ‘निवडणूक होऊ द्या’ म्हणत होते. त्यांचा खुलासा असा की आम्ही तुमचाच नियम तुम्हाला लावतो आहोत. त्यावर रिपब्लिकनांचं उत्तर तयारच होतं, कारण जून १९९२ मध्ये न्यायिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनीच सिनेटमध्ये सुचवलं होतं की या उन्हाळ्यात जागा रिकामी झाली तर थोरल्या बुश यांनी निवडणूक होईपर्यंत नाव पाठवू नये. त्या वर्षी जागा रिकामी झालीच नाही, त्यामुळे तो नियम अमलात यायचा राहिला. नाव मात्र पडलं, ‘बायडन नियम’.

दुटप्पीपणा ओळखायचा असेल तर कोण काय म्हणाला यापेक्षा अपवाद कधी जोडला गेला, हे पाहावं. गरज पडण्याआधी लिहिलेला अपवाद म्हणजे नियमाचाच भाग. गरज पडल्यावर आठवलेला अपवाद म्हणजे पोटकलम, आणि पोटकलमाची तारीख शोधता येते. सिनेटमधली बहुतेक महत्त्वाची मतदानं नावानिशी नोंदलेली असतात, भाषणं काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये छापली जातात, आणि १९८६ पासूनचं सिनेटचं कामकाज सी-स्पॅन वाहिनीवर दिसतं. शोधायला बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो.

आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणताना आपण त्या आईला लबाड ठरवतो. पण तिला खरोखरच बाब्या दिसत असतो. २००३ साली जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना गरिबांना मदत देण्याच्या योजना वाचायला दिल्या होत्या, एक उदार आणि एक फार कडक. कोणत्या पक्षाचा पाठिंबा आहे, हेही सांगितलं होतं, पण तो शिक्का संशोधकांनी मनाने मारलेला. उदारमतवादी विद्यार्थ्यांनी आपल्या पक्षाचा शिक्का असलेली कडक योजना उचलून धरली, तर पुराणमतवाद्यांनी शिक्का पाहून उदार योजना. विचारल्यावर दोघांनीही सांगितलं की आम्ही योजनेतला मजकूर पाहून ठरवलं. आणि वर, पक्ष पाहून ठरवतात ते समोरचे, असंही त्यांचं मत होतं.

प्रयोगशाळेबाहेरही हेच दिसतं. सरकारने दहशतवाद्यांच्या शोधासाठी फोनच्या नोंदींवर नजर ठेवणं चालेल का, हा प्रश्न प्यू संस्थेने २०१३ मध्ये विचारला तेव्हा ६४ टक्के डेमोक्रॅट ‘चालेल’ म्हणाले. २००६ मध्ये, धाकट्या बुश यांच्या काळात, अशा पाळतीला फक्त ३७ टक्के डेमोक्रॅटांची मान्यता होती. रिपब्लिकन त्याच सात वर्षांत ७५ वरून ५२ वर आले. २०१३ मध्ये सीरियावर क्षेपणास्त्रं टाकण्याच्या ओबामांच्या बेताला वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसीच्या पाहणीत २२ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता. एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ती टाकली तेव्हा ८६ टक्क्यांचा. डेमोक्रॅट दोन्ही वेळा ३७-३८ वरच राहिले. ही दुसरी पाहणी डेमोक्रॅटांना फार आवडते आणि पहिली रिपब्लिकनांना. एकेकटी कोणीही दाखवली तर समजावं की दुसरी खिशात आहे.

आता जेम्स कोमी. एकाच माणसावर दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा कूस बदललेली दुसरी केस मला माहीत नाही. ५ जुलै २०१६ ला एफबीआयचे संचालक म्हणून त्यांनी सांगितलं की हिलरी क्लिंटन यांनी खाजगी ईमेल सर्व्हरवर गोपनीय मजकूर हाताळताना अत्यंत निष्काळजीपणा केला, पण खटला भरण्याजोगं प्रकरण नाही. डेमोक्रॅटांना ते निःपक्ष वाटले, रिपब्लिकनांना विकले गेलेले. २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या अकरा दिवस आधी, त्यांनी तपास पुन्हा सुरू झाल्याचं पत्र काँग्रेसला लिहिलं. ट्रम्प यांनी त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि डेमोक्रॅट संतापले. ६ नोव्हेंबरला ‘नवीन काही सापडलं नाही’, तर पुन्हा उलट. ९ मे २०१७ ला ट्रम्प यांनी त्यांना काढून टाकलं, आणि निवडणूक याच माणसाने घालवली असं म्हणणाऱ्यांना लोकशाहीचा खांब कोसळल्यासारखं वाटलं. दहा महिन्यांत चार वळणं.

या गोष्टीला पुढे आणखी एक गाठ बसली. १५ जुलै २०२४ ला फ्लोरिडातल्या न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी ट्रम्प यांच्यावरचा गोपनीय कागदपत्रांचा खटला काढून टाकला. कारण काय, तर खटला चालवणाऱ्या विशेष वकिलाची नेमणूकच घटनेला धरून नाही. २४ नोव्हेंबर २०२५ ला व्हर्जिनियात कोमी यांच्यावरचा, काँग्रेससमोर खोटं सांगितल्याचा, खटला निकालात निघाला, कारण तो दाखल करणाऱ्या हंगामी सरकारी वकिलाची नेमणूक बेकायदा होती. पहिल्या वेळी ‘हा तांत्रिक मुद्दा, गुन्ह्याचं काय?’ असं विचारणारे दुसऱ्या वेळी ‘कायद्याचा विजय’ म्हणाले, आणि उलट. कायद्याने पाहिलं तर दोन निकाल एक नाहीत. पहिल्यात प्रश्न असा होता की असं पद निर्माण करायचा अधिकार न्यायखात्याला कुठल्या कायद्याने मिळाला. दुसऱ्यात, हंगामी नेमणुकीची १२० दिवसांची मुदत उलटल्यावर पुन्हा नेमायचं कोणी, खात्याने की न्यायालयाने, असा. दोन्ही निकाल बरोबर असू शकतात, दोन्ही चुकीचे असू शकतात, किंवा एकच बरोबर असू शकतो. पण हे ठरवायला निकालपत्र वाचावं लागतं, आणि जल्लोष मात्र निकालपत्र उघडण्याआधीच झाला होता.

दुटप्पीपणा पकडायची सगळ्यात प्रसिद्ध युक्ती म्हणजे नावं बदलून पाहणं. ‘हेच बायडन यांनी केलं असतं तर?’ युक्ती चांगली आहे, पण घाईत वापरली की तीच फसवते. कागदपत्रांचंच घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मार-अ-लागोवर, म्हणजे ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानावर, एफबीआयचा छापा पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बायडन यांच्या जुन्या कार्यालयात गोपनीय कागद सापडले, मग त्यांच्या घरीही. जानेवारी २०२३ मध्ये माइक पेन्स यांच्याकडेही निघाले. नावं बदलली तर तिघेही सारखे: घरात गोपनीय कागद. मग एकावरच खटला का? कारण ‘घरात कागद’ हे वर्णन फार ढोबळ आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने अनेक महिने मागणी केल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ट्रम्प यांच्याकडून १५ खोकी परत आली. मे महिन्यात समन्स निघालं, ३ जूनला आणखी ३८ कागद दिले गेले आणि ‘आता काही उरलं नाही’ असं लेखी सांगितलं गेलं. मग छाप्यात शंभराहून जास्त निघाले. बायडन आणि पेन्स यांच्या बाजूने कागद सापडल्याची खबर त्यांच्याच माणसांनी दिली होती. बायडन यांची चौकशी करणारे रॉबर्ट हर यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात हा फरक स्वतःच मांडला आहे. त्याच अहवालात असंही आहे की बायडन यांनी काही गोपनीय मजकूर जाणूनबुजून ठेवल्याचा आणि आपल्या पुस्तकाच्या लेखनिकाला सांगितल्याचा पुरावा मिळाला. रिपब्लिकन वाचक दुसरं वाक्य उचलतो, डेमोक्रॅट वाचक पहिलं. अहवाल एकच.

म्हणून नावं बदलण्याआधी वर्णन बारीक करावं लागतं. मात्र फार बारीक केलं तर जगातली प्रत्येक घटना वेगळीच ठरते आणि कोणीच कधी दुटप्पी राहत नाही. केनेडींना वगळणारा तो तुकडा असाच बारीक आहे. कुठे थांबायचं याचं गणिती उत्तर नाही. माझा अंदाज असा की जो फरक घटना घडण्याआधी विचारला असता तरी महत्त्वाचा वाटला असता, तो ठेवावा. समन्सला खोटं उत्तर दिलं का, हा फरक कोणत्याही वर्षी कोणीही महत्त्वाचाच मानला असता. जागा डिसेंबरात रिकामी झाली की जानेवारीत, हा नाही.

बातम्यांच्या धंद्यात पोटकलमं क्रियापदांत लपतात. एकाने ‘सांगितलं’, दुसऱ्याने ‘दावा केला’, तिसऱ्याने ‘कबूल केलं’. ‘पुराव्याविना’ हा शब्द कोणाच्या वाक्याला लागतो आणि कोणाच्या नाही, हे एक महिना मोजून पाहावं. पुराणमतवाद्यांची जुनी तक्रार अशी की डेमोक्रॅटाची चूक झाली की मथळा चुकीवर येत नाही, ‘रिपब्लिकन तुटून पडले’ असा येतो, म्हणजे बातमीतला कर्ताच बदलतो. तक्रारीत तथ्य आहे. दुसऱ्या बाजूच्या वाहिन्या मथळ्याची चलाखी करण्यापेक्षा बातमीच न दाखवण्याचा मार्ग घेतात. न छापलेल्या बातमीला क्रियापद नसतं, त्यामुळे ती पकडणं सगळ्यात कठीण. त्यासाठी एकाच संध्याकाळचे दोन पडदे शेजारी ठेवावे लागतात. इंटरनेट आर्काइव्हकडे २००९ पासूनच्या दूरचित्रवाणी बातम्या आहेत, पडद्याखालच्या मजकुरातून शब्द शोधता येतो. गुपचूप बदललेले मथळेही तिथल्या जुन्या प्रतींत बऱ्याचदा सापडतात. यात नेहमी होणारी चूक म्हणजे एका वाहिनीच्या रात्रीच्या चर्चेची तुलना दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीशी करणं. चर्चेची चर्चेशी आणि अग्रलेखाची अग्रलेखाशीच जोडी लावावी, नाहीतर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

१४ ऑक्टोबर २०२० ला न्यूयॉर्क पोस्टने जो बायडन यांचे चिरंजीव हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमी छापली. ट्विटरने ‘चोरलेला मजकूर’ या नियमाखाली तिचा दुवा अडवला आणि वर्तमानपत्राचं खातं दोन आठवडे बंद ठेवलं. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी न्यूयॉर्क टाइम्सने ट्रम्प यांच्या करविवरणपत्रांची बातमी दिली होती. तीही कोणीतरी आतून दिलेल्या खाजगी कागदांवरच, पण ती अडवली गेली नाही. टाइम्सचं म्हणणं होतं की कागद देणाऱ्यांना ते कायदेशीरपणे मिळाले होते. तो फरक मानला तरी पोस्टचे ईमेल चोरीचे असल्याचा पुरावाही ट्विटरकडे नव्हता. १९ ऑक्टोबरला ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र लिहिलं की यात रशियन मोहिमेच्या खुणा दिसतात. आमच्याकडे पुरावा नाही, हेही त्याच पत्रात होतं. ते वाक्य मथळ्यांत आलं नाही. मार्च २०२२ मध्ये टाइम्सने आणि मग वॉशिंग्टन पोस्टने त्यातले काही ईमेल खरे असल्याचं लिहिलं. मतदान उलटून सोळा महिने झाले होते.

याच्या उलट टोकाला रिपब्लिकनांकडे झुकलेली फॉक्स वाहिनी. ट्रम्प आणि रशिया यांच्या संबंधांविषयीच्या अपुष्ट आरोपांच्या स्टील डॉसियरवर विसंबून वर्षानुवर्षं कार्यक्रम करणाऱ्या वाहिन्यांना ‘पुरावा कुठे आहे?’ असं फॉक्सने रास्तपणे विचारलं होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन पोस्टने त्या डॉसियरविषयीच्या दोन जुन्या बातम्यांतले भाग काढूनही टाकले. पण २०२० च्या निवडणुकीनंतर मतदानयंत्रांनी मतं फिरवल्याची कहाणी हीच फॉक्स पुराव्याशिवाय दाखवत राहिली. निवेदकांचा तिच्यावर विश्वास नसल्याचे त्यांचेच निरोप नंतर न्यायालयात आले. १८ एप्रिल २०२३ ला ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. दोन चुका आहेत म्हणून त्या समान आहेत असं मात्र नाही. एकीत आपल्याला हवं ते सहज खरं मानलं गेलं, दुसरीत खोटं वाटत असूनही ते प्रेक्षक जातील म्हणून दाखवलं गेलं. दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकून हात झटकणं हीही मापातली खोटच आहे, आणि स्वतःला तटस्थ म्हणवणाऱ्यांना ती फार लवकर जडते.

वाचकही या व्यवहारात निर्दोष नाही. १९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या बातम्यांच्या त्याच फिती इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या प्रेक्षकांना दाखवल्या. दोघांनाही त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या दिसल्या. विषय जितका जास्त माहीत, तितका पक्षपात जास्त जाणवला. म्हणजे एखादी बातमी वाचून राग आला, एवढ्यावरून तिच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याच पक्षाला जास्त जागा मिळतील असे मतदारसंघ कापण्याच्या खेळात निदान निर्लज्ज स्पष्टपणा आहे. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या एका रिपब्लिकन आमदाराने सांगितलं की नकाशा आपल्या दहा विरुद्ध त्यांच्या तीन जागा असा काढतो आहोत, कारण अकरा विरुद्ध दोन काढणं शक्य वाटत नाही. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटांनी हेच केलं होतं. दोन्ही नकाशे एकत्रच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २७ जून २०१९ ला ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल आला की संघराज्याची न्यायालयं यात पडणार नाहीत. २०२५ मध्ये टेक्ससने जनगणनेची वाट न पाहता पाच जागांवर डोळा ठेवून नवा नकाशा केला. त्यावर कॅलिफोर्नियाने स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवायचं ठरवलं आणि मतदारांनी ४ नोव्हेंबरला ते मंजूर केलं. वर्षानुवर्षं स्वतंत्र आयोगांची भलामण करणारे ते बाजूला सारायला निघाले आणि एरवी आयोगांना नाकं मुरडणारे त्याचे कैवारी झाले. जागेवरून न हललेला एक ठळक माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर: २००८ आणि २०१० मध्ये आयोगाच्या बाजूने, २०२५ मध्येही आयोगाच्याच बाजूने, आणि टेक्ससवरही टीका. कॅलिफोर्नियाच्या तरतुदीत एक गोष्ट मला आवडली. नकाशा २०३० च्या निवडणुकीपर्यंतच, असं तिच्यात लिहिलेलं आहे. पोटकलमच, पण त्यावर तारीख छापलेली.

सिनेटच्या फिलिबस्टरचं तसं नाही. शंभरांपैकी साठ जणांनी ‘चर्चा पुरे’ म्हटल्याशिवाय विषय मतदानाला येत नाही, हा त्याचा गाभा. २००५ मध्ये बुश यांचे न्यायाधीश अडले तेव्हा रिपब्लिकनांनी तो मोडण्याची धमकी दिली आणि डेमोक्रॅटांनी लोकशाही धोक्यात असल्याचं सांगितलं. २१ नोव्हेंबर २०१३ ला डेमोक्रॅटांच्या हॅरी रीड यांनी खालच्या न्यायालयांच्या आणि सरकारी पदांच्या नेमणुकांपुरता तो मोडला. एप्रिल २०१७ मध्ये मकॉनल यांनी सर्वोच्च न्यायालयापुरता. मोडण्याची रीत गमतीची आहे. बहुमताचा नेता हरकतीचा मुद्दा काढतो की साध्या बहुमताने चर्चा थांबायला हवी. पीठासीन अधिकारी पुस्तकात पाहून सांगतो, नाही, साठ हवेत. नेता त्या निर्णयावर अपील करतो, आणि अपिलाला साधं बहुमत पुरतं. अधिकारी चुकला, असं ५१ जणांनी ठरवलं की झालं. पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना दिसत असतं आणि ते बरोबर वाचणारा माणूस चुकीचा ठरतो.

जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीश अलिटो यांना अडवण्यासाठी सिनेटर ओबामांनी फिलिबस्टरच्या बाजूने मत दिलं होतं. जुलै २०२० मध्ये त्यांनीच त्याला वर्णद्वेषी काळाचा अवशेष म्हटलं. २०१७ मध्ये कायद्यांसाठी तरी फिलिबस्टर राखा, अशा पत्रावर दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी सह्या केल्या, त्यात कमला हॅरिस होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्काच्या विधेयकासाठी अपवाद करावा म्हणून ४८ डेमोक्रॅटांनी मतं दिली आणि ती ५२ पुढे कमी पडली. २०२५ च्या शरदात सरकार ४३ दिवस बंद राहिलं, तेव्हा त्याच साठच्या आकड्याचा आडोसा घेऊन डेमोक्रॅट उभे होते. ट्रम्प फिलिबस्टर मोडा म्हणत होते आणि रिपब्लिकन सिनेटर नको म्हणत होते.

सिनेटच्या नियमपुस्तकातला २२ वा नियम आजही उघडून वाचता येतो. चर्चा थांबवायला तीन-पंचमांश सदस्य हवेत, असं त्यात आहे. न्यायाधीशांचा अपवाद त्यात नाही, २०१३ नाही, २०१७ नाही.